जास्तीची पकड

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक पांढरा फळा आहे. त्यावर काळ्या रंगाने डाव, चिमटा, कात्री, किसणी, गाळणं यांच्या आकृत्या काढल्या आहेत. प्रत्येक आकृतीवर एक खिळा, आणि खिळ्याला ती ती वस्तू. जेवणं झाली की वहिनी फळ्यासमोर उभी राहते, डावीकडून उजवीकडे बघत जाते आणि मग दिवा मालवते. एखादी आकृती रिकामी दिसली तर दिवा मालवला जात नाही आणि घरातलं कोणी झोपतही नाही. आलेगेले पाहुणे म्हणतात, किती छान कल्पना आहे हो! पाहुण्यांचं काय जातं, ते आपल्या घरी जातात.

ही खोड तिला नोकरीने लावली, की खोड होती म्हणून नोकरी मिळाली, हे मला आजवर कळलेलं नाही. विमानतळाला लागून विमानं दुरुस्त करायचा एक मोठा हँगर आहे, तिथे वहिनी हत्यारांच्या खिडकीवर होती. खिडकीच्या आत असाच आकृत्यांचा आणि खुंट्यांचा भलामोठा फळा. मेकॅनिकने आपला नंबराचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा. वहिनी खुंटीवरून हत्यार काढून देणार आणि त्या जागी बिल्ला अडकवणार. हत्यार परत आलं की बिल्ला परत. काम संपल्यावर फळ्यावर एकही बिल्ला उरला नाही, सगळी हत्यारं जागेवर आली, की वहिनी सही करायची. तिच्या सहीशिवाय विमान हँगरच्या दाराबाहेर जात नसे. घरात पान्याला पाय फुटले असं म्हणून भागतं. तिथे पाना खुंटीवर नसला तर तो विमानात आहे असंच धरायचं. विमान उडालं की तो आत घरंगळतो आणि नको त्या फटीत जाऊन बसतो.

मेकॅनिक तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि माघारी मोजणीबाई. आमचा दादा त्याच हँगरमध्ये मेकॅनिक, बिल्ला नंबर सत्तावीस. नवरा म्हणून त्याला काडीची सवलत नव्हती. हँगरमध्ये ती त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायचीच नाही. सत्तावीस, रांगेत या. सत्तावीस, टॉर्च पुसून परत करा. खिडकीच्या बाजूला आत जायचं छोटं दार होतं, त्यातून तिच्याशिवाय कोणी जायचं नाही, साहेबसुद्धा नाही. घरून आणलेला डबाही ती आत बसून खायची आणि दादा बाहेर बाकावर बसून.

तिसरी मी, दादाची धाकटी बहीण. हँगरच्या एका कोपऱ्यात विमानातल्या सीटांची कव्हरं शिवायचा विभाग आहे, तिथे मोठ्या मशीनवर बसते. लग्न केलं नाही, या दोघांच्या घरी राहते. वहिनी मला एरवी नावाने हाक मारते. ती ‘वन्सं’ म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

वहिनी रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बोलणं बंद करते. एकदा दाराची फुगलेली कड घासायला म्हणून दादा किसणी मागच्या अंगणात घेऊन गेला आणि हरवून आला. लोक दाराला रंधा लावतात, आमच्या दादाला किसणी सुचली. वहिनी एक शब्द बोलली नाही, आणि पुढे कित्येक दिवस बोललीच नाही. दादा समोर बसलेला असताना मला म्हणायची, ‘त्यांना विचारा, मीठ हवंय का.’ शेवटी दादाने बाजारात हिंडून हुबेहूब तशीच किसणी आणली आणि आकृतीवर टांगली. वहिनीने फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘चहा टाकू का?’ त्या दिवशी दादा जे शिकला ते पक्कं शिकला.

आता हँगरच्या फाटकावरच्या पाटीबद्दल. पाटीवर लिहिलं होतं ‘हरवलेली हत्यारे’ आणि पुढे भलंमोठं शून्य. खडूने लिहिलेलं नाही, ऑइलपेंटने रंगवलेलं. म्हणजे आकडा बदलायची सोयच ठेवलेली नव्हती.

पाटी लागण्याआधीची एक गोष्ट आहे. आमच्याकडे एक जुने मेकॅनिक होते. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हरवला. ते तडक साहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्याकडून हरवला, विमानात असेल. विमान अडकलं, दिवसभर सगळे गुडघ्यावर रांगले आणि संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर विमानाच्या फरशीखाली सापडला. दुसरीकडे कुठे असते तर त्यांना हार घातला असता. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यांना विमानांची चाकं धुवायच्या कामावर पाठवलं, आणि वहिनीने खिडकीतून सगळ्यांच्या देखत विचारलं की घरी चमचे तरी सांभाळता येतात का. तेव्हापासून ते चाकवाले काका झाले.

आणि तेव्हापासून आमच्या हँगरमध्ये कोणाचं काही हरवलं नाही. एवढी माणसं, एवढी हत्यारं, आणि एक साधा पाना इकडचा तिकडे नाही! मला तेव्हाच शंका यायला हवी होती, माझी कात्री माझ्याच टेबलावर दिवसातून दोनदा हरवते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. शून्यावर सगळे खूश होते, आणि सगळ्यांत खूश वहिनी. तो फळा तिचा होता. माहेरचं नाव सांगावं तशी ती त्या शून्याबद्दल सांगायची.

त्या वर्षी मुख्य कचेरीने आमच्या हँगरला आदर्श हँगर ठरवलं. वरचे साहेब येणार, फळा बघणार, ढाल देणार. त्याच समारंभात दादाला पाळीप्रमुख केल्याचं जाहीर होणार होतं. दादाने नवा शर्ट शिवून घेतला. शिवला मीच, कॉलर जरा घट्ट झाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी एका विमानाच्या सीटा बदलायला आम्हाला बोलावलं. आमच्याकडून दुरुस्त होऊन गेल्यानंतर हे विमान कितीतरी महिने उडत होतं. मी एक सीट बाजूला केली, तर खालच्या पट्टीच्या खोबणीत एक बारीक तोंडाची पकड अडकलेली. मुठीवर लाल पट्टा, म्हणजे आमच्याच हँगरची. खाली नंबर ठोकलेला, चौदा. मला वाटलं, चला, वहिनी खूश होईल. मी नाचत खिडकीवर गेले आणि पकड तिच्या हातात दिली.

ती टांगायला वळली. चौदा नंबरच्या खुंटीवर पकड होती. बारीक तोंडाची, लाल पट्ट्याची, चौदा नंबर ठोकलेली.

“वन्सं,” ती म्हणाली, “ही कुठे मिळाली तुम्हाला?”

मी सांगितलं. वर शहाणपणा केला की, अगं जास्त आहे ना, कमी तर नाही, मग बिघडलं कुठे? तिने दोन्ही पकडी शेजारी शेजारी ठेवल्या आणि नुसती बघत राहिली. हत्यार कमी पडलं तर काय करायचं याचं हँगरमध्ये जाडजूड पुस्तक होतं. जास्त झालं तर काय करायचं हे कोणी लिहिलेलं नव्हतं, कारण असं होतं कुठे?

त्या संध्याकाळी दादाला कामावर थांबायचं होतं. बसमधून वहिनी मला बाजारापाशीच उतरवून घेऊन गेली. तिथे एक हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदार तिला ओळखत नव्हता. ती जन्मभर खिडकीच्या आत बसलेली, तिला कोण बघणार. तिने पर्समधून चौदा नंबरची पकड काढली आणि विचारलं, अशी मिळेल का.

दुकानदाराने पकडीकडे पाहिलंही नाही. विचारलं, साधी देऊ की लाल पट्ट्याची?

मी वहिनीकडे बघायचं टाळलं. तो बिचारा आपल्या मालाचं कौतुक सांगत सुटला. पट्टा आम्हीच मारून ठेवतो, नंबर तुम्ही सांगाल तो लगेच ठोकून देतो. हँगरची गिऱ्हाइकं फार, म्हणून त्याच कंपनीचा माल ठेवतो. खिडकीवर कोणी बाई आहे म्हणे, फार कडक आहे, तिला सांगण्यापेक्षा पदरचे पैसे गेलेले परवडले असं पोरं म्हणतात. तो हसून म्हणाला, खरं सांगू का ताई, त्या बाईच्या कृपेने दुकान चाललंय आमचं.

वहिनीने पकड पर्समध्ये ठेवली. घरी येईपर्यंत ती बोलली नाही, पण ते नेहमीचं न बोलणं नव्हतं. तिचा चेहरा पडला होता. मला तिची दया आली आणि भीतीही वाटली.

जेवताना तिने पहिला घास हातात धरून ठेवला. दादाने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. झालं, इथे माझी सहनशक्ती संपली. मी सीटखालची पकड, खुंटीवरची पकड, दुकान, लाल पट्टा, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना मी हसत होते. मला वाटलं दादाही हसेल.

दादाने ताट पुढे सरकवलं.

त्याने आदल्याच दिवशी आरसा हरवला होता. दात बघायला डॉक्टरकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा, अवघड जागी वाकून बघता येत नाही तिथे घालून बघायचा. शेपटीच्या आतल्या बाजूला काम करताना हातातून सुटला. त्याने डबा न खाता शोधला, सापडला नाही. मग स्वतःला सांगितलं की कचऱ्यात गेला असेल. हँगरमध्ये सगळे हेच म्हणायचे, कचऱ्यात गेला असेल. बाहेर जाऊन नवा घेतला, लाल पट्ट्याचा, आणि खिडकीत परत करून बिल्ला घेतला. ते विमान उद्या दुपारी जाणार होतं.

“मला का नाही सांगितलंत?” वहिनी म्हणाली.

“साहेबांना सांगितलं असतं,” दादा म्हणाला. “त्यांनी काय, चाकं धुवायला लावली असती. चाकं धुतली असती मी. पण खिडकीत तू होतीस.”

वहिनीने फळ्यावरच्या किसणीकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतकी वर्षं मी त्या किसणीवर खोबरं किसलं आणि मला त्यात फक्त किसणी दिसली होती.

मग ती म्हणाली की उद्या ते विमान तिच्या सहीने जाणार नाही. दादाने विचारलं, माझं नाव घेणार? ती म्हणाली, “मी फक्त आरसा खुंटीवरून काढणार आहे. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.” त्या दिवशी तिने फळा न बघताच दिवा मालवला.

सकाळी हँगर झाडूनपुसून लख्ख. वरचे साहेब आले, मागे दोन माणसं ढाल घेऊन. आमचे साहेब त्यांना घेऊन खिडकीशी गेले. आमचे साहेब वाईट नव्हते. त्यांना वरच्या साहेबांची धास्ती, आणि वरच्या साहेबांना शून्याची आवड, एवढंच. आमच्या साहेबांनी फळा दाखवायला हात वर केला आणि हात तसाच राहिला. चौदा नंबरच्या खुंटीवर दोन पकडी होत्या आणि एका आकृतीवर काहीच नव्हतं.

साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, हे काय? वहिनीने सांगितलं की एक पकड जास्त आहे, एक आरसा कमी आहे, आणि बाकी जे जागेवर दिसतंय त्यातलं आपलं किती आणि बाजारातलं किती हे तिला माहीत नाही. दुपारच्या विमानावर ती सही करणार नाही. साहेबांनी विचारलं, नावं सांगा, कोणी केलं हे?

“आधी माझं लिहा,” वहिनी म्हणाली. “माझ्या भीतीने झालंय.”

मग तिने खिडकीतून मान बाहेर काढली. आयुष्यात तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, त्या दिवशी तो हँगरभर ऐकू गेला.

“ज्यांनी बाजारातून आणून टांगलंय, त्यांनी इथे बिल्ला ठेवा आणि काय ते बोटाने दाखवा. तोंडाने सांगायला जड जातं, मला कळतं. मी काही बोलणार नाही. राग येईल मला, पण तो माझा मी बघेन.”

कोणी हललं नाही. दादा विमानाच्या शेपटीपाशी उभा होता, नवा शर्ट घालून. त्याची बढती ढालीशेजारी एका पाकिटात होती. मला वाटलं, हा जाईल. मग वाटलं, नाही जाणार. सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेली मी, पण मला सांगता येईना हा जाईल की नाही. तेवढ्यात त्याने कॉलरचं बटण काढलं आणि निघाला.

खिडकीत त्याने बिल्ला ठेवला आणि बोटाने दाखवलं नाही. तोंडाने सांगितलं, मोठ्याने, वरच्या साहेबांना ऐकू जाईल असं: “आरसा. परवा शेपटीत हरवला. याच विमानात आहे.”

वहिनीने बिल्ला उचलला आणि आरशाच्या रिकाम्या खुंटीवर अडकवायला गेली. पहिल्यांदा खुंटी चुकली. दुसऱ्यांदा लागला.

त्यानंतर एकजण आला, मग दोघं, मग रांगच लागली. बस चुकेल अशा घाईने माणसं येत होती. वहिनी एकेक बाजारी हत्यार काढून खाली ठेवत होती आणि त्या जागी बिल्ला लावत होती, आणि फळा पितळेने भरत चालला. शब्द दिल्याप्रमाणे ती बोलली नाही, फक्त मान लाल होत गेली. चाकवाले काका बादली घेऊन बाजूला उभे होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, काका, तुमचं काही? काका म्हणाले, “माझं मी तेव्हाच सांगितलं होतं.”

वहिनीने हात थांबवला. काकांकडे बघून म्हणाली, “चमच्यांचं मी बोलायला नको होतं.” काका म्हणाले, असू दे, आणि बादली उचलून गेले.

आमच्या साहेबांनी वरच्या साहेबांकडे पाहिलं, वरच्या साहेबांनी ढालीकडे. शेवटी आमचे साहेब फोनवर गेले आणि दुपारचं विमान रद्द करून आले. परत आले तेव्हा घामाने भिजलेले होते, पण चेहरा मोकळा होता.

पुढचं थोडक्यात सांगते. बाहेर उडत असलेली विमानं एकेक करून तपासली, आणि लोकांच्या समजुतीपेक्षा कचऱ्यात फारच थोडं गेलं होतं. ढाल परत गेली. पाळीप्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली आणि दादाला कधीच मिळाली नाही. चाकं मात्र कोणाला धुवायला लावली नाहीत. काकांना जुनं काम परत देऊ केलं तर ते म्हणाले, चाकं बरी, ती हरवत नाहीत. पाटीवरचं शून्य खरवडून काढलं आणि तिथे खडूने आकडा लिहायला लागले. आता वरच्या साहेबांना आकडा आवडायला लागला आहे. एखाद्या महिन्यात कोणाचं काही हरवलं नाही तर ते फोन करून विचारतात, लपवताय की काय? मग आमचे साहेब हिंडून कोणाचं पेन तरी हरवलंय का बघतात. दुकानदाराकडे लाल पट्ट्याचा माल पडून राहिला. त्याने तो स्वस्तात काढला, आणि आता आमच्या भागात ज्याच्या त्याच्या घरी हँगरची पकड आहे.

पण त्या दिवसाचं राहिलंच. शेपटीच्या आतली फरशी उघडली आणि दादा त्या भोकातून आत गेला, कारण जागा त्यालाच माहीत होती. खिडकीशी मी आणि वहिनी. ती उगीच एक पाना पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. बऱ्याच वेळाने दादाचे पाय बाहेर आले, मग तो. शर्टाच्या चिंध्या झालेल्या, कोपरापासून मनगटापर्यंत रक्त, आणि हातात आरसा. शेपटीचं सुकाणू ज्या तारांनी वळतं त्या तारांच्या कप्पीला तो टेकून पडला होता. अजून बोटभर सरकला असता तर तार अडकली असती, आणि वर आकाशात वैमानिकाने कितीही जोर लावला असता तरी विमान वळलं नसतं. हे दादाने मेकॅनिकला सांगावं तसं सांगितलं.

त्याने आरसा खिडकीत ठेवला. वहिनीने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, नंबर वाचला, पुसला आणि आकृतीवर टांगला. मग सत्तावीस नंबरचा बिल्ला काढून त्याच्यासमोर ठेवला. दादाने तो घेतला आणि रीतीप्रमाणे मागच्याला जागा करून द्यायला बाजूला झाला.

“अहो,” वहिनी म्हणाली.

हँगरमध्ये हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. दादाने मागे वळून पाहिलं, त्याला वाटलं दुसऱ्या कोणाला हाक मारली.

“हात कापलाय तुमचा. आत या, बांधून देते.”

तिने बाजूचं छोटं दार उघडलं. दादा उंबऱ्याशी थांबला आणि बूट पुसायला लागला. मी रडत होते. कव्हरांच्या धुळीने डोळ्यांत पाणी येतं असं मी कोणालाही सांगू शकले असते, पण मला कोणी विचारलंच नाही.